कडब्याची चव आणि पावसाचा हिशेब

दख्खनच्या पठाराचा इतिहास लिहिताना पाऊस आणि धान्य यांचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. पाऊस किती इंच पडला, पीक किती आणे आले, ज्वारीची धारण काय झाली आणि किती माणसे दुष्काळी कामांवर आली, यांची कोष्टके एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सरकारी अहवालांत सापडतात. वैरणीचा उल्लेखही त्यांत येतो, परंतु तो बहुधा गाड्या आणि पेंढ्या यांच्या मोजणीपुरता. ती वैरण कोणत्या हवेत वाढली, कोणत्या उन्हात वाळली, काढणीनंतर तिच्यावर पाऊस पडला की नाही आणि या सगळ्यामुळे ती जनावराच्या अंगी कितपत लागली, हा प्रश्न कागदावर क्वचितच आला. शेतकरी मात्र तो रोज विचारत होता आणि त्याचे उत्तर त्याला गव्हाणीत मिळत होते. जनावराने खाऊन मागे टाकलेल्या निबर तुकड्यांना आणि टणक बुडख्यांना मराठीत ‘चघळ’ म्हणतात. सकाळी गव्हाण झाडताना चघळ किती निघाली, यावरून यंदाचा कडबा कसा उतरला हे घरातल्या पोरालाही कळत असे. वैरणीच्या बाबतीत दख्खनचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे मोजणारा कागद आणि चव पाहणारी गव्हाण या दोन हिशेबांचा इतिहास आहे, आणि त्यांचा मेळ फार उशिरा बसू लागला.

वैरणीची प्रत ही मोघम गोष्ट नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठरातील पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. त्यातले सूक्ष्मजीव वनस्पतीच्या पेशीभित्तिकांमधील तंतू आंबवून त्यांपासून जनावराला ऊर्जा मिळवून देतात, आणि हे काम सुरळीत चालण्यासाठी खाद्यात साधारणपणे ७ टक्के प्रथिने असावी लागतात. फुलोऱ्यातल्या हिरव्या ज्वारीत ती जेमतेम एवढी भरतात. कणीस पिकून ताट वाळले की त्यांतली बरीचशी दाण्यात गेलेली असतात आणि कडब्यात ३ ते ५ टक्केच उरतात. उरलेल्या तंतूंपैकी किती पचणार हे लिग्निनवर ठरते. लिग्निन म्हणजे पेशीभित्तिकेला लाकडासारखा ताठपणा देणारे द्रव्य. कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांना ते फोडता येत नाही आणि ते आपल्याभोवतीच्या पचण्याजोग्या तंतूंनाही अडवून धरते. उष्णता वाढली की पीक लवकर उरकते, लिग्निन लवकर साठते आणि पानांच्या मानाने ताटाचा वाटा वाढतो. पाणी थोडे कमी पडले तर बऱ्याचदा याच्या उलट घडते, म्हणजे वाढ खुंटते, ताट बारीक राहते, पक्वता लांबते आणि वजनाच्या मानाने पोषण टिकते. पाणी फारच कमी पडले तर पाने करपून गळतात आणि तो लाभही जातो. म्हणून पाऊस कमी की जास्त एवढ्यावर वैरणीची प्रत सांगता येत नाही. पिकाच्या कोणत्या अवस्थेत तो आला आणि कोणत्या अवस्थेत त्याने ओढ दिली, हे पाहावे लागते.

ज्वारी हे एकच पीक महाराष्ट्रात दोन हंगामांत घेतले जाते आणि या दोन हंगामांचा कडबा दोन निराळ्या पिकांचा वाटावा इतका वेगळा असतो. खरिपाची ज्वारी मृगाच्या पावसावर पेरली जाते, ढगाळ आणि दमट हवेत झपाट्याने उंच होते आणि ती काढणीला येते तेव्हा परतीचा पाऊस अजून रेंगाळत असतो. रब्बीची ज्वारी, जिला शाळू म्हणतात, ती उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसावर भाद्रपद-आश्विनात पेरली जाते आणि त्यानंतर तिला आकाशातून फारसे काही मिळत नाही. काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर, थंडीच्या कोरड्या हवेत ती वाढते आणि माघ-फाल्गुनात निरभ्र आकाशाखाली काढली जाते. सोलापूर, पूर्वेकडचे पुणे आणि नगर, बीड, धाराशिव आणि पलीकडे विजापूर असा हा रब्बी पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्याचे वैशिष्ट्य असे की, तेथे जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा असतो आणि वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. जमिनीची खोली, उशिराचा पाऊस आणि कोरडा हिवाळा या तिहींच्या योगाने शाळूचे ताट सावकाश आणि न भिजता वाळते, त्यातली साखर ताटातच राहते आणि पानांचा रंग पूर्ण उडत नाही. शाळूचा कडबा ‘गोड’ असतो, असे जे शेतकरी म्हणतात ते शब्दशः खरे आहे. ताट मोडून चावले तर तो गोडवा जिभेला लागतो.

या कडब्याची काढणी हे हवामानाशी घड्याळ लावून केलेले काम होते. शाळू विळ्याने कापण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी मुळासकट उपटला जातो, कारण बुडख्याचा वीतभर भाग जमिनीत सोडणे म्हणजे तेवढी वैरण सोडणे. उपटलेली ताटे आडवी पसरून काही दिवस उन्हात ठेवली जातात, मग कणसे मोडून घेतात आणि राहिलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधतात. पेंढ्या बांधण्याचे काम पहाटेचे. दुपारच्या उन्हात वाळलेले पान हाताच्या नुसत्या स्पर्शाने चुरा होऊन जमिनीवर पडते, आणि ताटापेक्षा पानांत प्रथिने जास्त असल्यामुळे पान गळाले म्हणजे पेंढीचा कस गळाला. पहाटेच्या दहिवराने पान नरम पडलेले असते, ते न तुटता ताटाला चिकटून राहते आणि बंदाखाली नीट बसते. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, आणि बाजारातला भाव शेकड्याचा. पेंढ्या खळ्याजवळ किंवा गोठ्यामागे रचून त्यांची गंज किंवा वळई लावली जाते. तळाशी दगड किंवा तुराट्या घालून ओल आणि वाळवी दूर ठेवतात, वरचा भाग उतरता करून शाकारतात. वळई चांगली लागली तर आतला कडबा पुढच्या वर्षीही कामाला येतो, पण पूर्ण नाही; हिरव्या पानांतले कॅरोटीन, ज्यापासून जनावराचे शरीर अ जीवनसत्त्व बनवते, ते ऊन आणि काळ या दोहोंनी नष्ट होत जाते. महिनोन्‌महिने निव्वळ जुन्या, रंग उडालेल्या कडब्यावर राहिलेल्या जनावरांना रातांधळेपणा येतो आणि गाभण गाईंची वासरे दुबळी निपजतात. पोट भरलेले आणि डोळे अधू, अशी ही उपासमार मोजणीत सापडत नाही.

ब्रिटिशपूर्व काळात वैरणीचा विचार राज्यकर्त्यांना करावा लागे तो मुख्यत्वे घोड्यांसाठी. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र मराठी वाचकांना परिचित आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये या आशयासाठी ते नेहमी आठवले जाते, परंतु त्या पत्राचा बराच भाग वैरणीविषयी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आधीच उधळले तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील आणि मग लष्कर कुणब्यांना उपद्रव देऊ लागेल, असा त्यातला तर्क आहे. शिवाय चुलीचा विस्तव, तंबाखू ओढणारे आणि उंदराने पळवलेली दिव्याची जळती वात यांपासून गवताच्या गंजी सांभाळण्याची ताकीद आहे. कोकणात पावसाळ्याचे चार महिने वाळलेले गवत नव्याने तयार होणे शक्यच नसते, आणि असलेले गवत ओलीपासून व आगीपासून दोन्हीकडून वाचवावे लागते, हे पत्र लिहिणाऱ्याला नेमके माहीत होते. पुढे पेशवाईतही कुरणे, म्हणजे गवतासाठी राखलेली राने, सरकारी पागांसाठी राखली जात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघण्याच्या प्रथेचा संबंध नद्यांना उतार पडण्याशी जोडला जातो तो बरोबरच आहे, पण त्याच सुमारास वाटेवरच्या रानांत गवत वाढून उभे असते आणि शेतांत नवी वैरण येऊ लागते, ही गोष्ट घोडदळावर चालणाऱ्या लष्कराला काही कमी महत्त्वाची नव्हती.

गवताची गोष्ट कडब्याहून वेगळी नाही. देशावरच्या माळांवर पवना, मारवेल, कुसळी ही गवते उगवतात. पाऊस कमी, म्हणून ती बुटकी आणि विरळ असतात, पण आश्विनात योग्य वेळी कापली तर कसदार असतात. तीच कुसळी महिनाभर राहू दिली तर तिला टोकदार कुसळे येतात, जी जनावराच्या तोंडात आणि मेंढीच्या लोकरीत रुततात, आणि पाते वाळून काडीसारखे होते. कोकणात गवत पुरुषभर वाढते, परंतु २,५०० मिलिमीटर आणि त्याहून जास्त पावसाने जांभ्या दगडाच्या जमिनीतला चुना आणि स्फुरद धुऊन नेलेला असतो, ढगाळ हवेत झपाट्याने वाढलेले गवत ऑक्टोबरच्या उन्हात एकदम निबर होते, आणि त्यामुळे गवत मुबलक असूनही कोकणची गुरे लहान चणीची राहिली. याउलट माणदेश, आटपाडी, सांगोला या पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या टापूत खिल्लार जातीचे उंच, चपळ बैल पैदा झाले आणि भीमा-नीरेच्या काठची भीमथडी तट्टे लष्करांत नावाजली गेली. जातीची निवड आणि पाळणाऱ्याचे कसब यांचा वाटा त्यात मोठा आहे, हे मान्य करूनही जमिनीतले खनिज आणि वैरणीचा कस यांचा वाटा नाकारता येत नाही. धनगरांनी हा भेद आपल्या वाटचालीतच गुंफला होता: पावसाळा देशावरच्या कोरड्या माळांवर काढायचा, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणातल्या कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढ्या बसवायच्या आणि मृगाआधी परत चढायचे.

इंग्रजी अमलात या व्यवस्थेवर दोन बाजूंनी ताण आला. लागवडीखालचे क्षेत्र वाढून माळ आणि गायराने आक्रसली, आणि १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल खात्याने पुष्कळ राने आपल्या ताब्यात घेऊन चराईवर बंधने आणि फी लावली. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या खात्याने गोरगरिबांच्या गुरांना चरायला जागा ठेवली नाही ही तक्रार ठामपणे मांडली आहे. त्याआधीच १८७६-७८ चा दुष्काळ येऊन गेला होता. १८७६ साली सोलापूर, नगर, पुणे, सातारा आणि कलादगी या जिल्ह्यांत उशिराचा पाऊस बुडाला, आणि उशिराचा पाऊस बुडणे म्हणजे या पट्ट्यात नेमका शाळू बुडणे. धान्य रेल्वेने दूरवरून आणता येत होते. कडबा हलका पण अवाढव्य असल्याने त्याची वाहतूक त्याच्या किमतीला परवडत नसे. म्हणून माणसे गुरे हाकत खानदेशाकडे, निजामाच्या मुलखाकडे आणि घाटमाथ्याकडे निघाली, आणि वाटेत गुरे पडली.

१८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत छप्पनिया म्हणून ओळखला जातो. मुंबई इलाख्याच्या सरकारने त्या वेळी जंगलांतले गवत कापून आणि दाबून त्याचे गठ्ठे दुष्काळी भागात पाठवण्याचा उद्योग केला आणि उत्तम कांकरेज गुरांचा वंश वाचवण्यासाठी अहमदाबाद जिल्ह्यात छारोडी येथे गुरांचे संगोपन केंद्र काढले, ज्याला पुढे गव्हर्नर नॉर्थकोट यांचे नाव मिळाले. या कामात पुढाकार घेणारे जे. मॉलिसन पुढे हिंदुस्थानच्या शेती खात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल झाले. दाबलेल्या गवताच्या गठ्ठ्याचा हिशेब वजनावर ठेवला जाणे साहजिक होते. परंतु पाऊस पूर्ण संपून जमीन वाळल्यावर कापलेले डोंगरी गवत आणि पोटरीत असताना कापलेले गवत यांचे वजन सारखे भरले तरी त्यांतले पोषण सारखे भरत नाही, आणि संकटाच्या घाईत गवत कापले जाते ते उशिराच. जनावर तगले तरी कामाला आणि दुधाला का उभे राहिले नाही, याचे उत्तर अनेकदा या उशिरात असते.

रसायनशास्त्राची नजर वैरणीवर पडू लागली ती याच सुमारास. जर्मनीत १८६० च्या दशकात वेंड येथे हेनबर्ग आणि श्टोमान यांनी खाद्याचे पाणी, राख, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि तंतू असे भाग पाडून मोजण्याची पद्धत बसवली होती. इंग्लंडमधले शेतकी रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी १८८९ पासून हिंदुस्थानात फिरून १८९३ साली आपला प्रसिद्ध अहवाल दिला. सरपण आणि चारा यांसाठी गावोगाव राने राखावीत, म्हणजे शेण जाळण्याची पाळी येणार नाही, हा त्यातला आग्रह होता. १८९२ साली वॉल्टर लेदर हे सरकारचे शेतकी रसायनज्ञ म्हणून आले. तरीही प्रयोगशाळेचे लक्ष दीर्घकाळ माती, खत आणि धान्य यांवर राहिले. सोलापूरच्या शेतकऱ्याला पावसात भिजलेला कडबा आणि कोरडा कडबा यांच्यातला फरक कोणत्याही पृथक्करणाशिवाय ठाऊक होता. भिजलेल्या ताटातली साखर आणि इतर विद्राव्य द्रव्ये पाण्याबरोबर वाहून जातात, उरलेल्यावर बुरशी चढते, कडबा काळा पडतो आणि त्याला येणाऱ्या कुबट वासाने जनावर तोंड फिरवते. खरिपाच्या कडब्याला शाळूच्या कडब्यापेक्षा भाव कमी मिळतो, याचे मोठे कारण पिकाच्या जातीत नसून काढणीच्या वेळच्या आकाशात असते.

एका बाबतीत मात्र विज्ञानाला वैरणीकडे वळावेच लागले, आणि ती बाब होती विषाची. पावसाने ओढ दिल्यामुळे खुरटलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर एखाद्या सरीने बुडख्यातून आलेले कोवळे फुटवे गुरांनी खाल्ले, तर काही मिनिटांत त्यांना धाप लागते, ती थरथरतात, पडतात आणि पुष्कळदा मरतात. याला शेतकरी ‘किराळ लागणे’ म्हणतात. १९०२ साली विंडहॅम डन्स्टन आणि टॉमस हेन्री यांनी कोवळ्या ज्वारीतून एक ग्लुकोसाइड, म्हणजे साखरेशी बांधलेले संयुग, वेगळे काढले आणि ज्वारीच्या ‘धुरा’ या अरबी नावावरून त्याला धुरिन म्हटले. झाडाच्या पेशींत धुरिन आणि त्याला फोडणारी विकरे वेगवेगळ्या जागी असतात. जनावर पान चावते किंवा पान कोमेजून पेशी फुटतात, तेव्हा ती एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. हे आम्ल शरीरातल्या पेशींना रक्तातला प्राणवायू वापरू देत नाही, म्हणून मेलेल्या जनावराचे रक्त लालभडक दिसते. पिकाचे वय वाढेल तसे धुरिन कमी होते, आणि म्हणून निम्मे पीक फुलोऱ्यात येईपर्यंत ते गुरांना घालू नये असा सल्ला दिला जातो. पाण्याचा ताण पडला तर मात्र ते वाढते आणि जास्त दिवस टिकते. म्हणजे ज्या वर्षी भुकेली गुरे हिरव्या पानासाठी कुंपण मोडायला निघतात, नेमक्या त्याच वर्षी ते पान विषारी असते. युरिया सर्रास वापरात आल्यानंतर याच ताणाचा आणखी एक परिणाम दिसू लागला: वाढ थांबलेल्या पिकात नायट्रेट साठते, कोठीपोटात त्याचे नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच जाते, अशा जनावराचे रक्त चॉकलेटी दिसते. दोन्हीतला फरक पशुवैद्याला रक्ताच्या रंगावरून पटकन ओळखता येतो.

विषाखेरीज रोग आणि कीडही हवामानाच्या मागोमाग येऊन कडब्याचा कस घालवतात. शाळू पोसवत असताना जमिनीतली ओल संपली आणि ऊन तापले, तर बुरशीमुळे खडखड्या हा रोग होतो; ताटाचा गर सडून आतले धागे तेवढे सुटे राहतात आणि पीक आडवे पडते. पेंढी वरून चांगली दिसते, उचलली की हलकी लागते आणि ताट फोडले तर आत काळी भुकटी असते. पौषात आभाळ येऊन हवा दमट राहिली तर माव्याचा चिकटा पडतो. किडीच्या अंगातून पाझरणारा गोडसर स्राव पानांवर पसरून त्यावर काळी बुरशी वाढते आणि असा कडबा जनावर नाखुशीने खाते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात कोरडवाहू शेतीचे संशोधन या पट्ट्यात आले. मांजरी येथे १९२३ मध्ये सुरू झालेले आणि १९३३ पासून सोलापूरच्या केंद्रात वाढलेले काम प्रामुख्याने न. वि. कानिटकर यांच्या नावाशी जोडलेले आहे. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी आणि वरचेवर कोळपणी अशी जी ‘मुंबई पद्धत’ तेथे तयार झाली, ती ओल शेवटपर्यंत पुरवण्याची पद्धत होती, आणि म्हणून ती आपोआप कडब्याची प्रत राखण्याचीही पद्धत ठरली. याच सुमारास, १९३० च्या दशकात, मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हा वाण पुढे आला. मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि जनावराने आवडीने खावा असा कडबा, या तिन्ही गोष्टी एका ताटात आणणारा हा वाण इतकी वर्षे टिकला की त्याला मागे सारणारे वाण आणताना संशोधकांचा बराच कस लागला. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते दाण्यासाठी. कडब्याचे मोल गावकऱ्यांनी आपले आपण ठरवलेले होते.

१९६४ साली सी.एस.एच.-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि खरिपात तो झपाट्याने पसरला. त्याचा दाणा भरघोस होता, पण ताट बुटके आणि जाड, पिकाचा काळ कमी. त्यामुळे तो पावसाच्या शेवटच्या सरींत सापडून दाणा काळा पडे आणि कडबाही भिजे. दर एकरी किती क्विंटल, या एकाच मापाने वाण निवडले जात असताना कडब्याला त्या मापात जागा नव्हती. दोन-चार बैल आणि एखादी म्हैस बाळगणाऱ्याने हायब्रीडला नाके मुरडली तेव्हा त्याला मागासलेला ठरवण्यात आले, याबद्दल आज थोडी खंत वाटायला हरकत नाही. सरकारी दुष्काळाची व्याख्याही याच मापावर उभी होती. आणेवारी, आणि दशमान नाण्यांनंतर पैसेवारी, ही दाण्याच्या उताऱ्यावरून काढली जाते. दाणा बरा आणि कडबा कुजलेला असे वर्ष या कोष्टकात सुकाळाचे ठरते; उलट दाणा भरलाच नाही तर दाण्यात जायची साखर आणि प्रथिने काही अंशी ताटातच राहतात आणि पेंढी कसदार निघते, तेही या कोष्टकाला दिसत नाही.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर २०१२-१३ व २०१८-१९ मध्ये गुरांच्या छावण्या हा सरकारी मदतीचा ठळक भाग झाला. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो हिरवा चारा, असा छावणीचा हिशेब असे, आणि तो हिरवा चारा म्हणजे बहुतेक ठिकाणी ऊस किंवा उसाचे वाढे. उसाच्या वजनात पाणी आणि साखर पुष्कळ, प्रथिने नगण्य. वाढ्यांतले ऑक्झलेट शरीरातल्या कॅल्शियमला बांधून टाकते, म्हणून जाणते शेतकरी वाढ्यांवर चुन्याचे पाणी शिंपडत. एकरावर टनांनी पाणी पिणारे पीक पाण्याच्या दुष्काळात जनावरांच्या तोंडी आले, यातला विरोधाभास त्या वेळी अनेकांनी दाखवून दिला होता. छावणीने लाखो जनावरे जगवली हे खरेच. पण बंद झाल्यावर घरी परतलेल्या गाईच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि पंधरा किलोचा हिशेब तर रोज पुरा झालेला होता.

चव पाहणाऱ्या गव्हाणीला प्रयोगशाळेची साक्ष मिळाली ती अमेरिकेत पीटर व्हॅन सोएस्ट यांनी १९६० च्या दशकात तंतूंचे पचण्याजोगे आणि न पचणारे भाग वेगळे मोजण्याची रीत काढल्यानंतर. तिच्या आधाराने हैदराबादजवळ पटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेने आणि आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादच्या चाऱ्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या ज्वारीच्या कडब्याचे नमुने तपासले. त्यांची पचनीयता सुमारे ४७ ते ५२ टक्के एवढ्या अरुंद पट्ट्यात होती, पण त्या पाच टक्क्यांपोटी गवळी चौथाई भाव जास्त मोजत होते. त्यांच्या हातात कोणतेही यंत्र नव्हते. ताटाची जाडी, पानांचे प्रमाण, रंग, वास आणि चावून पाहिलेला गोडवा यांवर ते भाव ठरवत, आणि यंत्राने दिलेला क्रम त्याच्याशी जुळला.

त्यानंतरच्या काळात हवामान अधिक लहरी झाले आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या मोठ्या गारपिटीने ऐन काढणीतला शाळू झोपवला आणि शेतात पसरलेला कडबा भिजवला; कोरड्या हिवाळ्याची जी हमी या पट्ट्याच्या कडब्याचा पाया होती, तीच डळमळीत झाली. ज्वारी उपटायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर त्यांची मजुरी परवडत नाही, म्हणून शाळूच्या जागी हरभरा येत आहे. दूधधंद्यातल्या लोकांनी मक्याच्या मुरघासाचा, म्हणजे हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, मार्ग धरला आहे. दाणा चिकात असतानाच मका कापून, कुट्टी करून पिशवीत किंवा खड्ड्यात दाबला की त्यानंतर पाऊस आला काय आणि ऊन पडले काय, त्याला फारसा फरक पडत नाही. कडबाही आता पेंढी सोडून थेट गव्हाणीत टाकला जात नाही, तो कुट्टी यंत्रातून जातो. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांत पान कोणते आणि बुडखा कोणता हे जनावराला निवडता येत नाही, ते समोरचे सगळे खाऊन टाकते, आणि सकाळी गव्हाण झाडायला येणाऱ्याला चघळ सापडत नाही.